उघड्या गाडीतलं वाळवण

अमेरिकेत घडलेल्या आणि हैदराबादच्या एका नवाबानं मिरवलेल्या उघड्या टपाच्या गाडीत मी एकदा लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. तेही नणंदेच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत नवरदेव बसणार होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी घातल्या.

अडाणीपणानं घातल्या असत्या तर एवढ्या वर्षांनी सांगत बसले नसते. अडाणी माणूस निदान कुणाला तरी विचारतो. मी विचारलं नाही, कारण या घरात माझ्याइतकं डोकं दुसऱ्या कुणाला नाही अशी माझी खात्री होती. वय एकोणीस. लोह्याकडच्या एका खेड्यातून लातूरला सून म्हणून येऊन वर्ष होत आलं होतं. एवढ्याशा अनुभवावर एवढी मोठी खात्री त्याच वयात शोभते, नंतर नाही.

ही गोष्ट मी आजवर झाकूनच ठेवली होती. गेल्या महिन्यात नांदेडला नातीचं लग्न झालं आणि झाकण उडालं. आजकाल नवरी मांडवात चालत येत नाही म्हणे, तिची 'एंट्री' असते. त्यासाठी एक जुनी, लांबलचक, बिनटपाची गाडी भाड्यानं आणलेली. सगळे गाडीबरोबर फोटो काढत होते. मी मात्र मागच्या गादीच्या शिवणीत बोट घातलं, बाहेर काढलं आणि हुंगलं.

"आजी, हे काय करून राहिलीस?" नात ओरडली.

"काही नाही गं. आधी कुणी काय वाळवून गेलंय का, बघते."

मग काय. लग्न आटोपल्यावर सगळ्यांनी मला मध्ये बसवलं आणि सांगावं लागलं. तेच आता नीट लिहून काढते.

आधी गाडी सांगते. लातूरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मुसलमान कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहत होतं. मोटारींच्या गाद्या शिवायचा त्यांचा धंदा. घरातल्या कर्त्या माणसाला अख्खी गल्ली 'चाचा' म्हणायची. चाचांचे वडील हैदराबादला नवाबाच्या मोटारखान्यात कामाला होते. निजामाचं राज्य गेलं तरी नवाबांचे शौक लगेच गेले नव्हते, ती गाडी त्या शौकातली शेवटची. पुढे नवाबाच्या पोरांना ती पोसवेना आणि ती चाचांच्या दारात आली. 

साय आलेल्या दुधासारखा तिचा रंग. पुढचं नाक एवढं लांब, की गाडी वळणावर आधी नाक पाठवायची आणि मग बाकीची यायची. मागे दोन्ही बाजूंना माशाचे असावेत तसे उभे पंख. चाकांवर पांढरे पट्टे, ते पिवळे पडले की चाचा गुपचूप चुना फासायचे. स्टेअरिंग डाव्या हाताला, त्यामुळे चाचा गाडी चालवताना नेहमी दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखे दिसायचे. काळं कापडी टप एकेकाळी बटण दाबलं की आपोआप मागे घडी व्हायचं. लातूरला आल्यावर त्या बटणानं अंग काढून घेतलं आणि ते काम दोन माणसांकडे आलं. आणि आत गाद्या कसल्या? लालभडक चामड्याच्या. हा रंग लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोटाळा त्यानंच केला. मला दोष कमी द्यावा म्हणून सांगत नाही, पण गाद्या पांढऱ्या असत्या तर मी वाचले असते.

लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. बाकीच्यांचे परण्ये घोड्यावर निघायचे. लातुरात ज्यांना चाचांची गाडी मिळे, त्यांचं नाक वर्षभर वर असे. माझे सासरे, म्हणजे मामंजी, गोलाईच्या बाजारात धान्याची आडत चालवायचे. चाचांची आणि त्यांची दोस्ती लहानपणापासूनची. त्यामुळे धाकट्या मुलीचं लग्न ठरल्यावर गाडी मागायची वेळच आली नाही. चाचांनी स्वतःच ती आदल्या दिवशी आमच्या मागच्या अंगणात आणून लावली, टप उतरवलं, धुतली, पुसली आणि जाताना मला बजावलं, "बहू, नजर रख. ये गाडी नै, नवाबां का पलंग है पलंग."

पलंग म्हणाले, हेही त्यांचं चुकलंच. माझ्या डोक्यात तेच राहिलं.

आता मिरच्या. वैशाख म्हणजे वर्षाचं तिखट करायचे दिवस. माझ्या माहेरची मिरची सासरी फार नावाजलेली, दिसायला किडकिडीत आणि वागायला जहाल. वडिलांनी पोतं भरून पाठवलेलं. मिरची उन्हात कडकडीत वाळवायची, देठ खुडायचे आणि डंक्यावर कुटायला न्यायची. डंकेवाल्यानं नेमका लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा नंबर दिलेला. सासूबाई सकाळी मला म्हणाल्या, "एक ऊन दाखव गं तिला. पण जागा बघून घाल, सगळीकडं पाव्हणे हायेत."

गच्चीवर गेले तर तिथे आचाऱ्याची लाकडं. पुढच्या अंगणात मांडव घालणं चाललेलं. मागच्या अंगणात शेजारच्या शेळ्या मोकळ्या, जमिनीवर काही ठेवायची सोय नाही. आणि त्या शेळ्यांच्या मधोमध, भर उन्हात, तव्यासारखी तापलेली, चारी बाजूंनी बंद आणि वरून उघडी अशी ही गाडी. शेळी चढणार नाही. वारा उडवणार नाही. मागची गादी तर एवढी ऐसपैस की घरातलं सगळं वाळवण मावावं. अमेरिकेतल्या लोकांनी ही वस्तू एवढ्याचसाठी केली असावी, असं मला मनापासून वाटलं.

मी जुनं लुगडं अंथरलं. माझ्या मते ही मोठी खबरदारी होती. ते धुऊन धुऊन एवढं विरलेलं की त्यातून पलीकडचा माणूस ओळखू यायचा, हे माझ्या मोठ्या डोक्यात आलं नाही. वर मिरच्या पसरल्या आणि दुपारी, त्या चांगल्या खुळखुळायला लागल्यावर, मीच गाडीत चढून बसले. पदर खांद्यावरून मागे सोडला, एक हात गाडीच्या काठावर टाकला, मान तिरकी केली, आणि दुसऱ्या हातानं देठ खुडायला लागले. आपण हैदराबादच्या रस्त्यानं चाललो आहोत, लोक वळून वळून बघून राहिले आहेत, असं माझं चाललेलं. प्रत्यक्षात एक शेळी बघत होती.

मधल्या खोलीची खिडकी नेमकी गाडीवर उघडायची. त्या खिडकीत नणंद येऊन उभी राहिली. तिला हळद लागलेली, त्यामुळे उंबरा ओलांडायची बंदी. वयानं ती माझ्याएवढीच. लोकांसमोर मी तिला 'बाई' म्हणायची आणि ती मला अहो-जाहो करायची. न्हाणीमागं आमचं अगं-तुगं चालायचं.

मला वाटलं, माझी ऐट बघून हसेल. तर ती नुसती गजांना धरून उभी.

"काय झालं गं?"

"वैनी, एक विचारू? तो बघायला आला तेव्हा त्यानं मला बघितलं का गं?"

"म्हणजे? त्यासाठीच तर आला होता."

"मान वर केली न्हाई त्यानं. सगळा येळ बशीतले पोहे बघत होता. आता मावशीची पोरगी सांगून राहिली की त्याला नांदेडची कॉलेजात शिकलेली पायजे होती. बापानं दटावून हो म्हणाया लावलं."

"मावशीच्या पोरीला काय कळतंय?"

"कळत नसंल. पण तसं असंल तर मला न्हाई करायचं वैनी. जलमभर कुणाच्या मानेवर बसून ऱ्हायचं? उद्या परण्या आपल्या गल्लीतून जाईल. तू त्याचं तोंड नीट बघ आन मला खरं सांग. खुशीत हाय का न्हाई, एवढंच."

मी देठ खुडता खुडता वचन दिलं. "बघते. माझ्या नजरेतून काही सुटत न्हाई."

तेवढ्यात सासूबाईंची हाक आली. मी घाईनं लुगड्याची चार टोकं धरली, मिरच्या पोत्यात ओतल्या, आणि लुगडं झटकलं. कुठे झटकलं? गाडीतच. बाहेर झटकलं असतं तर अंगणात घाण झाली असती, आणि मी पडले स्वच्छतेची. नंतर ओल्या फडक्यानं गाद्या पुसल्या. लाल गादीवर लाल भुकटी, काही दिसेना. ओल्या फडक्यानं ती शिवणींत अशी छान मुरवली की मुद्दाम ठरवूनही जमलं नसतं. पुसून झाल्यावर दोन पावलं मागे सरकून मी गाडीकडे बघितलं आणि स्वतःला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर परण्या निघाला. नांदेडचं वऱ्हाड उतरलं होतं त्या घरापासून मारुतीपर्यंत, आणि मारुतीपासून आमच्या मांडवापर्यंत. पुढे बँड, मागे पोरं, मधून ती दुधी गाडी डोलत येत होती. मी गच्चीवर आचाऱ्याच्या लाकडांवर चढून उभी. नवरदेव मागच्या गादीवर एकटा, मधोमध बसलेला. त्या काळी नवरदेवानं तोंडावर रुमाल धरायची रीत होती. नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकलेलं, वर फेटा, कपाळावर मुंडावळ्या लोंबत असलेल्या. तोंड म्हणून जे काही बघायचं ते बोटभर पट्टीएवढं उरलेलं, तेही मुंडावळ्यांच्या आड. गाडी खालून निघून गेली. माझ्या नजरेतून काही सुटत नाही अशा मला त्याच्या फेट्याचा रंग तेवढा दिसला.

खाली येऊन मी नणंदेला ठोकून दिलं, "लई खुशीत हाय."

"खरं?"

"हाव गं. डोळ्यांतून नुसतं दिसून राहिलंय."

तिनं लांब श्वास सोडला. हातातल्या हिरव्या चुड्याकडे बघून पहिल्यांदा हसली. मी पण हसले. सांगून टाकायला काय लागतं?

मारुतीकडे गेलेल्या बायका थोड्या वेळानं धावत परत आल्या. सगळ्यात पुढे मावशीची पोरगी.

"अगं बाई, नवरदेव रडून राहिला!"

"काय म्हणतीस?"

"ढसाढसा! डोळ्यांतून नुसत्या धारा. मारुतीपुढं हात जोडले तरी थांबंना. रुमालात तोंड खुपसून हुंदके देऊन राहिला. त्याच्या मामानं इचारलं तर नुसती मान हलवली. बोलंना बी."

"पोरी सासरी जाताना रडतात. नवरदेव कशाला रडंल?" दुसरी म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "मनात दुसरीच असंल."

नणंदेनं माझ्याकडे बघितलं. कपाळावरच्या मुंडावळ्या सोडवल्या, गुंडाळल्या आणि शेजारी पाटावर ठेवल्या.

"मी न्हाई येणार बाहेर," ती म्हणाली.

सासूबाई आल्या. आधी समजावलं, मग दटावलं, मग कपाळ धरलं. "अगं, वऱ्हाड दारात हाय! गोरजाचा मुहूर्त टळंल."

"टळू दे. ज्याला मी नको त्याच्या गळ्यात माळ न्हाई घालायची. आई, तुला पायजे तर हातपाय बांधून ने."

ती हट्टी होती, पण आरडाओरडा करणारी नव्हती. म्हणून सगळ्यांना भीती वाटली. बाहेर नवरदेवाचे पाय धुऊन झाले, त्याला मांडवात बसवलं. त्याचं पाणी काही थांबत नव्हतं. त्याची आई सगळ्यांना सांगत होती, "कालपस्तोर चांगला होता हो!" यानं तर संशय आणखीच पक्का होत होता. मामंजी मांडवाच्या खांबाला टेकून उभे. दोन्ही घरची माणसं एकमेकांकडे बघायची टाळत होती.

मी मागच्या दारात उभी राहून विचार करत होते की बाईमाणसाच्या नशिबात काय काय असतं. असले विचार मला तेव्हा फार सुचायचे. तेवढ्यात चाचांनी गाडी परत मागच्या अंगणात आणून लावली आणि उतरले. त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

"चाचा, तुम्ही बी?"

"क्या करूं बहू," ते नाक ओढत म्हणाले, "गोद में खेलाई हुई बच्ची जारी. दिल भर आ रा. मारुती तक रोया, मारुती से यहां तक रोया. उधर नवरदेव रो रा, इधर मैं रो रा. तेरे मामंजी मेरे कू रोते देखे तो वो बी लगे रोने." मग त्यांनी डोळे चोळले आणि एकदम ओरडले, "अगे माँ! ये रोना नै, आगी है! पानी दे, पानी!"

त्या क्षणी माझ्या मोठ्या डोक्यात उजेड पडला. उशिरा पडला, पण लख्ख पडला. लुगडं आठवलं, झटकणं आठवलं, ओलं फडकं आठवलं.

चाचांना तांब्या दिला. आता काय करावं? गप्प बसले असते तर मिरचीचं नाव कधीच कुणाच्या तोंडी आलं नसतं. पण नणंदेनं पाटावर ठेवलेल्या मुंडावळ्या काही परत कपाळावर आल्या नसत्या. आणि सांगावं तर कुणाला? 'मी मिरच्या वाळवल्या' असं नुसतं म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? वैनी सारवासारव करून राहिली, म्हणतील. तासाभरापूर्वीच 'लई खुशीत हाय' म्हणून बसलेली ना मी!

मी सरळ मधल्या खोलीत गेले, नणंदेचा दंड धरला आणि ओढत मागच्या दारानं बाहेर काढलं.

"सोड! कुठं नेऊन राहिली?"

"गाडीत बस."

"येडी झालीस का तू?"

"बस आधी. तोंड मग चालव."

दार उघडून तिला मागच्या गादीवर ढकललं, मी शेजारी बसले आणि दोन्ही हातांनी गादीवर दणकन थापटी मारली. शिवणींतून लाल धुरळा उठला. कलत्या उन्हात तो मला पहिल्यांदाच दिसला. इतका छान दिसत होता की क्षणभर मी बघतच राहिले. मग पहिली शिंक नणंदेची. दुसरी माझी. मग मोजदाद राहिली नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक लाल, हळदीच्या गालांवर ओघळ.

"हे काय गं?" ती ठसकत म्हणाली.

"मिरची," मी ठसकत म्हणाले. "काल वाळत घातलेली. तू खिडकीत होतीस की! तो रडत न्हाई बाई, त्याला झोंबतंय."

मग तिला हसू फुटलं. हसता हसता शिंक, शिंकता शिंकता रडू. नवरी अशी अमेरिकन गाडीत बसून लोळत असताना मागच्या दारात सासूबाई उभ्या राहिल्या.

"नवरी कुठं गेली म्हणून अख्खं घर हुडकून राहिलं, आन तुम्ही दोघी..." पुढचं त्यांना शिंकेनं बोलू दिलं नाही.

त्या गाडीजवळ आल्या. वाकल्या. गादीच्या शिवणीतून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. चवीवरून माणूस ओळखणारी बाई ती.

"ही तुझ्या बापाची मिरची," त्या मला म्हणाल्या.

मी मान खाली घातली. आता ऐकायला मिळणार होतं त्याची तयारी केली. पण सासूबाईंनी मुलीचं हसरं, भिजलेलं तोंड बघितलं, मांडवाकडे बघितलं, आणि मला म्हणाल्या, "उठ. तुझी अक्कल मी उद्या काढते. आता शेगडीत इस्तू घाल आन त्याच पोत्यातली मूठभर मिरची घेऊन ये. मीठ-मोहरी बी आण."

नंतर त्यांनी जे केलं ते मी आयुष्यभर विसरले नाही. भर मांडवात नवरदेवापुढे उभ्या राहिल्या, मीठ-मोहरी-मिरच्या त्याच्यावरून ओवाळल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. आमच्याकडे दृष्ट अशीच काढतात. नजर लागलेली असेल तर मिरच्या जळूनही ठसका येत नाही, नजर नसेल तर येतो, असं सगळे मानतात. माझ्या वडिलांची मिरची ती. पहिल्या धुरालाच नवरदेवाचा मामा उठून पळाला. बँडवाल्याची पिपाणी तोंडातच अडकली. दोन्हीकडचे व्याही, भटजी, आचारी, मावशीची पोरगी, सगळा मांडव खोकत, शिंकत, डोळे पुसत बसला. आता रडणारा एकटा नवरदेव वेगळा दिसेना.

"लागला ठसका!" सासूबाई पदर नाकाला लावून मोठ्यानं म्हणाल्या. "पोरावर कुणाची नजर न्हाई. निर्मळ हाय. मघाशी वाटेत बी बायकांनी गाडीवरून मिरच्या ओवाळल्या असतील, तो धूर गेला असंल बिचाऱ्याच्या डोळ्यांत."

नवरदेवाच्या आईचा चेहरा एकदम उजळला. "तरीच! मी म्हणलं न्हाई, कालपस्तोर चांगला होता!"

मामंजींनी खांब सोडला. मी आत पळाले. नणंद पाटावर बसून मुंडावळ्या परत बांधत होती. मला वाटलं, आता सगळं निस्तरलं.

"मिरचीनं रडला, हे कळलं," ती गाठ मारत म्हणाली. "पण खुशीत हाय का, ते अजून कुठं कळलं?"

मी खोटं बोलू शकले असते, पण त्या दिवसापुरता माझा कोटा संपला होता.

ती आपल्या मामाचा हात धरून बाहेर गेली. मी करवली म्हणून तिच्या मागे उभी. मध्ये आंतरपाट. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आंतरपाट बाजूला झाला. आणि नवरदेवानं मान वर केली. पोहे बघणारा तो माणूस तिच्याकडे नीट, सरळ बघत राहिला. गाडीत भरलेले तिचे डोळे अजून गळत होते. त्यानं काय केलं, तर तोंडावरचा रुमाल काढला आणि तिच्यापुढे धरला. आजूबाजूच्या बायकांनी आ केला. तिनं रुमालाला हात लावला, तोच त्यानं तो झटकन मागे ओढला आणि हळूच म्हणाला, "नको नको. यानं पुसू नका. लई झोंबतंय हे. तुमचे डोळे जातील."

मी मागेच उभी होते, म्हणून ऐकू आलं. त्याचे स्वतःचे डोळे जास्वंदीसारखे लाल झालेले. आणि त्या तसल्या डोळ्यांनी तो हसत होता. यापेक्षा जास्त खुशीचं तोंड मी पुढे फार कमी नवरदेवांचं बघितलं आहे. नणंदेनं एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पदरानं डोळे पुसून त्याच्या गळ्यात माळ घातली.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी माझी अक्कल काढली, शब्दाला जागून. चाचांनी गाद्या उसवून, धुऊन पुन्हा शिवल्या. त्यानंतर ती गाडी ज्या ज्या घरी जाई, तिथल्या सुनेला ते आधी विचारत, "बहू, मिरच्या हो गए क्या?" त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. गाडी अख्ख्या लातूरला माहीत होतीच, मी पण झाले.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी रात्री पाठवणी होती. वऱ्हाडाची बस नांदेडला निघायला तयार. सासूबाई रडत होत्या, मामंजी रडत होते, चाचा तर दुपारपासूनच सरावलेले. बायका नणंदेच्या तोंडाकडे बघत थांबलेल्या, कारण आता नवरीनं रडायची वेळ. ती एकेकाच्या गळ्यात पडत माझ्यापर्यंत आली, घट्ट मिठी मारली, आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "वैनी, माझं सगळं रडून झालंय तुझ्या पायी. आता एक थेंब येऊन न्हाई राहिला, आन समद्या बायका बघून राहिल्या. माझ्या वाटचं तूच रड."